विमान सुरक्षा निरीक्षक: पात्रता, अधिकार आणि तपासणीची कागदपत्रं

विमानतळावर आपली बॅग तपासतो तो स्क्रीनर. सरकारी निरीक्षकाचं काम वेगळं असतं. स्क्रीनर, विमान कंपनी आणि विमानतळ आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे करतात की नाही, हे तो बघतो. अर्ज करण्याआधी हा फरक नीट समजून घ्या, कारण दोन्ही कामांचं प्रशिक्षण वेगळं आहे.

या कामाचा पाया शिकागो कराराच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, १७ व्या परिशिष्टात आहे. आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने, ते २२ मार्च १९७४ रोजी स्वीकारलं. त्यानुसार प्रत्येक सदस्य देशाला हवाई सुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम लेखी ठेवावा लागतो आणि तो पाळला जातोय का, हे तपासणारी यंत्रणा उभारावी लागते. तपासणारा माणूस तपासल्या जाणाऱ्यांपासून स्वतंत्र हवा, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी अट.

वय, शिक्षण आणि अर्जाची मुदत प्रत्येक देशाच्या जाहिरातीत वेगवेगळी असते. ती तिथेच वाचावी. पार्श्वभूमीची पडताळणी मात्र सगळीकडे होते. तुमची ओळख, आधीचा अनुभव आणि कायदा परवानगी देत असेल तिथे गुन्ह्यांची नोंद, असं सगळं त्यात बघतात. म्हणून ओळखीचे पुरावे, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि आधीच्या प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र तारखांसह एकत्र लावून ठेवा. मध्ये काही महिने घरी असाल तर तसं सरळ लिहा. तारखांमधली रिकामी जागा पडताळणाऱ्याला खटकते, आणि ती खटकायलाच हवी. निवड झाली की सहसा निरीक्षकांसाठीचा खास अभ्यासक्रम असतो, मग अनुभवी निरीक्षकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. अधिकारपत्र हाती येतं ते त्यानंतरच.

या अधिकारपत्रावर निरीक्षक प्रतिबंधित भागात जाऊ शकतो, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारू शकतो, नोंदी मागू शकतो आणि त्रुटी दुरुस्त करायला लावू शकतो. काम तीन तऱ्हेचं असतं. ऑडिटमध्ये सगळी व्यवस्था मुळापासून तपासली जाते, तर इन्स्पेक्शनमध्ये ठरावीक बाबीच बघतात. तिसरी तऱ्हा चाचणीची, आणि ती कधी उघड असते, कधी गुप्त. गुप्त चाचणीत साध्या कपड्यांतला माणूस बॅगेत बनावट स्फोटक ठेवून रांगेत उभा राहतो. बॅग पट्ट्यावरून पुढे सरकते, पडद्यावर चित्र उमटतं आणि स्क्रीनरला काही सेकंदांत ठरवावं लागतं. स्क्रीनर चुकला तर एकट्या त्याला बोल लावून भागत नाही. त्याला विश्रांती मिळाली होती का, प्रशिक्षण कधी झालं होतं, हेही निरीक्षकाने शोधलंच पाहिजे.

विमान कंपनीत काम करत असाल, तर तपासणीच्या दिवशी हे तयार ठेवा: सुरक्षा कार्यक्रमाची मंजूर प्रत, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण दाखले, प्रवेश-पासांची नोंद, उड्डाणापूर्वी विमानाची झडती घेतल्याचे सहीचे तक्ते आणि केटरिंगच्या गाड्यांचे सील क्रमांक. निरीक्षक एकच कागद वाचून थांबत नाही, तो दोन कागद शेजारी ठेवतो. ड्युटीच्या तक्त्यात एकाचं नाव गेल्या आठवड्यातलं असेल आणि त्याच्या प्रमाणपत्राची मुदत महिन्याभरापूर्वीच संपलेली असेल, तर त्रुटी तिथेच सापडते.

प्रवासी आणि सामान यांच्या जुळणीची नोंद कधीही हलक्यात घेऊ नका. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या १०३ क्रमांकाच्या विमानाचा स्फोट झाला आणि २७० जीव गेले. बॉम्ब असलेल्या सुटकेसबरोबर तिचा प्रवासीच विमानात नव्हता. त्या नोंदीतला प्रत्येक रकाना भरताना हे लक्षात असू द्या.

त्रुटी सापडल्या की निरीक्षक लेखी अहवाल देतो. कंपनीने दुरुस्तीचा आराखडा द्यायचा, त्यात कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट लिहायचं. ‘सूचना देण्यात आल्या’ एवढ्यावर भागवू नका. प्रशिक्षण पुन्हा घेतलं असेल तर हजेरी जोडा, कुलूप बदललं असेल तर फोटो जोडा. मुदत संपली की फेरतपासणी होते आणि पुरावा बघूनच त्रुटी बंद केली जाते.

देशांच्या यंत्रणांचंही ऑडिट होतं. आयकाओने ते २००२ मध्ये सुरू केलं. अनुभवी निरीक्षकांना त्या पथकात जाता येतं, पण त्यासाठी नाव आपल्या देशाच्या प्राधिकरणाकडून जावं लागतं. त्यामुळे अशी इच्छा असेल तर विचारणा आधी आपल्याच कार्यालयात करा.