भोवरा की लाट? उपग्रहांच्या नोंदींमागचा न मिटलेला वाद

समुद्रात शेकडो किलोमीटर रुंदीचे भोवरे फिरत असतात, हे १९७०च्या दशकात अटलांटिकमध्ये प्रवाहमापक सोडून बसलेल्या सोव्हिएत आणि अमेरिकी मोहिमांनी दाखवून दिले होते. पण तो समुद्राचा एकेक तुकडा होता. १९७८चा सीसॅट उपग्रह साडेतीन महिन्यांतच बंद पडला. १९८५चा जिओसॅट लष्करी कामासाठी होता आणि त्याच्या पहिल्या दीड वर्षाच्या नोंदी अनेक वर्षे गोपनीय राहिल्या. खरी सुरुवात झाली ती ऑगस्ट १९९२मध्ये, टोपेक्स-पोसायडनपासून. भोवऱ्याच्या जागी समुद्रपृष्ठ किंचित उंच किंवा खोल असते, आणि आता दर दहा दिवसांनी त्याच रेषांवरून समुद्रपृष्ठाची उंची, तीही काही सेंटिमीटरच्या अचूकतेने, मिळू लागली.

वादाचे मूळही याच उपग्रहात आहे. विषुववृत्तावर त्याच्या शेजारशेजारच्या रेषांमध्ये सुमारे ३१५ किलोमीटर अंतर पडे. मधली जागा गणिताने भरावी लागे आणि त्यात बारकावे पुसले जात. अशा नकाशांवर पश्चिमेकडे सरकणारे उंचसखल पट्टे दिसले आणि १९९६मध्ये त्यांना रॉस्बी लाटा, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडे सरकणाऱ्या प्रचंड लांबीच्या संथ लाटा, म्हटले गेले. त्यांचा वेग जुन्या सिद्धान्तात बसेना, तेव्हा सिद्धान्ताला दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. पुढे ३५ दिवसांनी फेरी पूर्ण करणाऱ्या, पण कितीतरी दाट रेषा आखणाऱ्या ईआरएस उपग्रहांच्या नोंदी त्यात मिसळल्या आणि ते लांबलचक पट्टे फुटून गोल ठिपके झाले. बराचसा भाग लाटांचा नव्हताच, भोवऱ्यांचा होता.

हा फरक साधा नाही. लाट पुढे जाते, पाणी जवळपास जागीच राहते. भोवऱ्याचा फिरण्याचा वेग त्याच्या सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त असला, तर तो आतले पाणी, उष्णता, क्षार आणि प्लवक सोबत घेऊन जातो.

मग प्रश्न आला मोजायचे कसे. २००७च्या मोजणीत पाण्याची फिरकी आणि ताण यांची तुलना करून कडा ठरवल्या होत्या. ती रीत उंचीच्या नोंदींतल्या लहानशा चुकाही फुगवते, म्हणून २०११मध्ये ती सोडून उंचीच्या बंद समोच्च रेषा धरल्या गेल्या. किमान उंची १ सेंटिमीटर, किमान आयुष्य चार आठवडे. सोळा आठवडे किंवा अधिक टिकलेले सुमारे ३६ हजार भोवरे सोळा वर्षांच्या नोंदींत सापडले. सरासरी त्रिज्या ९० किलोमीटरच्या आसपास. काम मोलाचे होते यात शंका नाही. पण ही यादी सर्वांसाठी खुली असल्यामुळे जो तो तीच वापरू लागला आणि सोयीसाठी निवडलेल्या मर्यादांनाच अनेक जण भोवऱ्याची व्याख्या समजू लागले. महिनाभरही न टिकणारे भोवरे निसर्गात आहेत. यादीत त्यांना जागा नव्हती.

अरबी समुद्रात तर ही विभागणी आणखी अडते. हिवाळ्यात लक्षद्वीपजवळ पाण्याचा उंचवटा तयार होतो. नकाशात तो भोवऱ्यासारखा गोल दिसतो. पण १९९०च्या दशकात गोव्यातल्या समुद्रशास्त्रज्ञांनी त्याचे मूळ किनाऱ्यालगत उत्तरेकडे जाणाऱ्या केल्विन लाटांमध्ये आणि त्यांतून पश्चिमेकडे सुटणाऱ्या रॉस्बी लाटांमध्ये दाखवले. त्यामागचा वारा बऱ्याच अंशी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचा! असा उंचवटा आपोआप चालणाऱ्या मोजणीत निव्वळ भोवरा म्हणून धरला, तर त्याचे कारण हातातून निसटते.

२०१३मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारत-फ्रान्सच्या सरल उपग्रहाने अधिक अरुंद ठशाचे, म्हणजे एका वेळी समुद्राचा लहान भाग टिपणारे, मोजमाप आणले. डिसेंबर २०२२च्या स्वॉटने तर एका रेषेऐवजी सुमारे १२० किलोमीटरचा पट्टाच टिपायला घेतला. त्यात जुन्या नकाशांत न दिसलेले छोटे भोवरे स्पष्ट दिसतात. मात्र उपग्रह त्याच मार्गावर २१ दिवसांनी परततो आणि तोवर छोटा भोवरा विरून गेलेला असू शकतो. शिवाय इतक्या लहान मापांवर खोल पाण्यातल्या भरती-ओहोटीच्या लाटाही उंचीत मिसळतात. उंचीच्या उतारावरून प्रवाह काढण्याचे नेहमीचे गणित तिथे पुरत नाही, त्यामुळे १९९६चाच प्रश्न आता दहा-वीस किलोमीटरच्या मापावर पुन्हा उभा आहे.