नव्या चवीची भीती आणि ओळखीचा घास

शेतातील उंदरांचा बंदोबस्त करताना झिंक फॉस्फाइडचे विषारी आमिष पहिल्याच दिवशी ठेवू नये, असा सल्ला शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे दिला जातो. आधी दोन-तीन दिवस भरडलेले धान्य थोड्या खाद्यतेलात कालवून, विष न घालता, बिळांजवळ ठेवायचे आणि उंदरांना त्याची चटक लागली की मगच त्यात विष मिसळायचे. ही पायरी गाळली, तर उंदीर नव्या खाद्याला नुसते तोंड लावतात. तेवढ्या मात्रेने ते मरत नाहीत, पण आजारी पडतात आणि पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाहीत. शेतकऱ्याला डोकेदुखी ठरणारी ही सावधगिरी जीवशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण नवा अनुभव समोर आला की सजीव कसा वागतो, हे तिच्यात फार स्वच्छ दिसते. माणूसही या बाबतीत उंदरापासून फारसा दूर नाही.

उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याची सोय नसल्यामुळे ते आत जाऊच न देणे, हाच त्याच्यासमोरचा मार्ग असतो. शिवाय तो सर्वभक्षी आहे. रेशमाच्या किड्याला तुतीच्या पानांपलीकडे काही शोधावे लागत नाही. सर्वभक्षी प्राण्याला मात्र जगण्यासाठी नवनवे अन्न शोधावेच लागते आणि त्यातला प्रत्येक नवा पदार्थ घातकही असू शकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ मध्ये या पेचाला ‘सर्वभक्षीची द्विधा’ असे नाव दिले. नव्याची ओढ आणि नव्याची धास्ती या दोन्ही वृत्ती एकाच प्राण्यात एकाच वेळी असतात, आणि दोन्ही त्याच्या हिताच्याच असतात. नव्या अन्नाच्या या भीतीला शास्त्रीय परिभाषेत फूड निओफोबिया म्हणतात.

या भीतीमागे शिकण्याची एक विलक्षण यंत्रणा काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५० च्या दशकात उंदरांना सॅकरीनचे गोड पाणी पाजून त्यांच्यावर किरणोत्सर्गाचा मारा केला. उंदरांना मळमळ झाली आणि त्यानंतर त्यांनी ते गोड पाणी टाळले. पुढच्या प्रयोगांतून असे दिसले, की खाणे आणि आजारपण यांत कित्येक तासांचे अंतर असले तरी मेंदू त्यांची सांगड घालतो आणि त्या दिवशी खाल्लेल्या ओळखीच्या पदार्थाला सोडून नव्या पदार्थालाच दोषी धरतो. याउलट, नवा पदार्थ खाऊन काहीही वाईट घडले नाही, तर ‘ही चव सुरक्षित आहे’ अशी नोंद हळूहळू पक्की होते. मेंदूतील इन्सुला आणि अमिग्डाला हे भाग या नोंदींत महत्त्वाचे काम करतात. पहिल्या वेळी चिमूटभर, दुसऱ्या वेळी थोडे अधिक आणि मग पोटभर, असा उंदराचा क्रम असतो.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांनी या क्रमाला छेद देणारी एक गोष्ट दाखवली. त्यांनी एका उंदराला दालचिनी किंवा कोको घातलेले खाद्य दिले आणि मग त्याला दुसऱ्या, ते खाद्य कधीही न चाखलेल्या उंदराच्या सहवासात ठेवले. नंतर निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्या दुसऱ्या उंदराने सोबत्याने खाल्लेल्या चवीचेच खाद्य अधिक खाल्ले. ही माहिती श्वासातून पोहोचते. उंदराच्या उच्छ्वासात कार्बन डायसल्फाइड नावाचे संयुग अत्यल्प प्रमाणात असते आणि त्याच्यासोबत खाद्याचा वास आला, की हे अन्न एका जिवंत सोबत्याने खाल्लेले आहे, अशी खूण पटते. नव्याची भीती घालवायला स्वतःचा अनुभव लागतोच असे नाही. सोबत्याचा अनुभवही पुरतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. वर्ष-सव्वा वर्षाचे असताना वरणभातापासून भाजीपर्यंत सगळे खाणारे मूल दोन वर्षांचे झाले की अचानक शेपूची भाजी थुंकून टाकू लागते आणि आई-वडिलांना वाटते, की आपलेच काही तरी चुकले. वास्तविक दोन ते सहा या वयात ही भीती सर्वांत तीव्र असते आणि हिरव्या भाज्या तिच्या पहिल्या बळी असतात. एक स्पष्टीकरण असे, की मूल चालू लागते आणि हाताला लागेल ते तोंडात घालू शकते, त्याच सुमारास निसर्गाने त्याच्या जिभेवर पहारा बसवला आहे. कडू चवीबद्दलची नावड तर जन्मजातच असते, कारण वनस्पतींमधील अनेक विषारी द्रव्ये कडू असतात. ब्रिटनमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, मुलामुलांमधील या भीतीच्या फरकापैकी सुमारे ७८ टक्के फरक आनुवंशिक असल्याचे आढळले. अर्थात आनुवंशिक म्हणजे न बदलणारे, असा याचा अर्थ नाही.

किंबहुना बदलाची सुरुवात जन्माआधीच होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातील ज्युली मेनेला यांनी दाखवून दिले, की आईने खाल्लेल्या लसणाचा वास गर्भजलातही उतरतो. त्यांच्या २००१ मधील प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांना पुढे वरचे अन्न सुरू झाल्यावर गाजराच्या चवीची खीर दिली, तेव्हा त्यांनी इतर बाळांपेक्षा कमी तोंड वाकडे केले. त्यांच्या दृष्टीने ती चव नवी नव्हतीच.

जन्मानंतरच्या ओळखीबद्दलचे सर्वांत महत्त्वाचे काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांचे आहे. १९८२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळे वेगवेगळ्या वेळा चाखायला दिली: काही पदार्थ दोनदाच, तर काही पाच, दहा, पंधरा किंवा वीस वेळा. जो पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला, तितकी त्याची आवड वाढत गेली. पुढे १९८७ मध्ये त्यांनी असेही दाखवले, की पदार्थ नुसता वारंवार पाहून चालत नाही. त्याची चव आवडू लागण्यासाठी तो जिभेवरच यावा लागतो. एखादी भाजी स्वीकारायला मुलाला बरेचदा आठ ते पंधरा वेळा ती चाखावी लागते, आणि पालक मात्र तीन ते पाच प्रयत्नांनंतर ‘याला हे आवडतच नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. कितीतरी भाज्या अशा रीतीने घरांतून कायमच्या बाद होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नव्या अनुभवांविषयी आपण जे बोलतो, त्यात एक चित्र फार रूढ झाले आहे: माणूस आपल्या कम्फर्ट झोनच्या काठावर उभा आहे आणि त्याने धीर करून पलीकडे उडी घ्यावी. चवीचे विज्ञान या चित्राला दुजोरा देत नाही. इथे उडी नसतेच; ओळखीचा परिसर चिमटी-चिमटीने रुंद होत जातो आणि जे काल बाहेर होते ते एके दिवशी आत आलेले असते. आवड आधी आणि ओळख नंतर, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये अनोळखी शब्द, चिन्हे आणि चेहरे लोकांना वारंवार दाखवून हेच सिद्ध केले होते.

आणि ढकलून तर काहीच साधत नाही. बर्च यांनी १९८४ मध्ये मुलांना केफिर हे आंबट दुग्धपेय ‘हे प्यायलास तर अमुक मिळेल’ असे सांगून पाजले. त्या मुलांची त्या पेयाबद्दलची आवड घटली. २००६ मधील दुसऱ्या एका अभ्यासात ‘सूप संपव’ असा आग्रह झालेल्या मुलांनी सूप कमी प्यायले आणि त्याबद्दल अधिक कुरकुर केली. भाजी संपवली तर गोड मिळेल, या आपल्या घरोघरीच्या सौद्यातून मूल भाजीबद्दल नेमके काय शिकते, याचा विचार व्हायला हवा. (मूल मोजकेच पदार्थ खाते आणि त्याचे वजन वा वाढ खुंटते, तेव्हा मात्र गोष्ट निराळी असते. अशा अवस्थेला २०१३ पासून मानसरोगांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून स्थान आहे, आणि तिथे बालरोगतज्ज्ञांची मदत घ्यावी.)

प्रौढांचे काय? टोरोंटो विद्यापीठातील पॅट्रिशिया प्लायनर यांनी १९९२ मध्ये ही भीती मोजण्यासाठी दहा विधानांची एक प्रश्नावली तयार केली, जी आजही जगभर वापरली जाते. त्यांनीच पुढच्या वर्षी असे दाखवले, की ज्यांना काही अनोळखी पण चवदार पदार्थ चाखायला मिळाले, ते नंतर वेगळेच अनोळखी पदार्थ चाखायलाही अधिक तयार झाले. आणखी एका अभ्यासात, अनोळखी पदार्थासोबत ओळखीची चटणी असली की मुले तो अधिक सहज चाखतात, असे त्यांना आढळले.

या शेवटच्या निष्कर्षाची साक्ष आपल्या ताटातच आहे. उपवासाच्या दिवशी आपण खातो त्यांपैकी भगर इथली जुनी आहे. पण साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि हिरवी मिरची ही पाचही पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. ज्या ताटात नेहमीचे धान्यदेखील वर्ज्य, त्या ताटात सातासमुद्रांपलीकडचे परके पदार्थ विराजमान झाले, ते जिऱ्यातुपाच्या ओळखीच्या फोडणीच्या आधाराने, असे मला वाटते.

मिरचीची कथा तर त्याहून उद्बोधक आहे. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती गोव्याच्या किनाऱ्यावरून आत पसरली, तेव्हा तिखटाची जागा मिरे आणि पिंपळीने आधीच तयार केलेली होती. तरीही मिरची कोणालाही जन्मतः आवडत नाही, कारण तिच्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य दाह जाणवणाऱ्या चेतातंतूंनाच चेतवते. त्यांच्यावरील ग्राहक-प्रथिन (कॅप्सेसिन टिपणारे प्रथिन) १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखले आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग आवड येते कुठून, हे पाहण्यासाठी रोझिन मेक्सिकोतील एका खेड्यात गेले. तिथे लहान मुलांना कोणी मिरची खायला लावत नव्हते वा बक्षीस देत नव्हते. मोठी माणसे ती रोज चवीने खात, मुलांच्या वाट्याला ती किंचित येई, मग थोडी अधिक, आणि पाच-सहा वर्षांची होईतो मुले ती आपणहून मागत. त्याच घरांतील कुत्री आणि डुकरे मिरचीचा रस्सा लागलेले उष्टे वर्षानुवर्षे खात होती, पण मिरची असलेले आणि नसलेले खाद्य त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी आधी बिनमिरचीचे उचलले. चव दोघांच्याही जिभेवर तितकीच आली होती. पंगतीला मात्र फक्त मुलेच बसत होती.