गणित वेगळं, फलित वेगळं

ग्रहण लागलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "पंचांगात मिनिटासकट दिलं होतं! मग पत्रिका तेवढी खोटी कशी?" ऐकून कान किटले. ग्रहणाची वेळ हे गणित. कुंडलीवरून सांगितलेलं भविष्य हे फलित. दोन्ही एकाच पंचांगात छापतात, म्हणून एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याने जगू नये. तिथी, नक्षत्रं, राशी तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यात शिरत नाही.

पण गणित बरोबर येतं आणि फलित चुकतं, म्हणून पहिलं तेवढं विज्ञान, हे आमच्या, म्हणजे ज्योतिष न मानणाऱ्या मंडळींचं उत्तरही लंगडं आहे. चुकतं तर हवामान खातंही. चुकल्यावर पुढे काय करता, ते बघा.

गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा ग्रहांच्या जागा गणिताने काढायचा ग्रंथ, सोळाव्या शतकातला. पिढ्यान्‌पिढ्या जोशी त्यावरून पंचांगं मांडत आले. हळूहळू गणिताने काढलेली ग्रहांची जागा आणि आकाशातली जागा जुळेना. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्र्यांनी वेधांशी, म्हणजे प्रत्यक्ष आकाश पाहून केलेल्या मोजमापांशी, जुळणारं पंचांग काढलं. वाद झाले, रुसवेफुगवे झाले, पण ग्रंथ कितीही पूज्य असला तरी आकाशापुढे त्याचं चाललं नाही. आकडे बदलावेच लागले.

आता फलित. छत्तीस गुण जुळवून केलेलं लग्न मोडलं, तर जन्मवेळ चुकली असेल, मंगळ नीट पाहिला नसेल, शांत करताना काही राहिलं असेल. तेही पटेना, तर "ग्रह फक्त कल दाखवतात". गुणमेलनाचा नियमच चुकीचा असेल, असं मात्र कोणी म्हणत नाही. काहीही घडलं तरी खरंच ठरणारा दावा तपासणार कसा?

तपासायचा प्रयत्न झालाही. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या: मूल हुशार की बौद्धिक अपंग, एवढंच ओळखायचं. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जुळली असती.

नापास होण्यात कमीपणा नाही, ग्रहलाघवही झाला होता. पण त्या निकालानंतर फलितातला एखादा योग, म्हणजे ग्रहांच्या जुळणीवरून भाकीत करायचा नियम, रद्द झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.