अभ्यासाच्या नावाखाली: जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या खेळांची पार्श्वभूमी

‘कॉम्प्युटर अभ्यासासाठी घेतलाय, खेळायला नाही.’ नव्वदीच्या दशकात ज्यांच्या घरी हप्त्यावर पीसी आला, त्यांनी हे वाक्य ऐकलेलं असणार. मॉनिटरवर धुळीसाठी प्लॅस्टिकचं कव्हर, कीबोर्डवर दुसरं कव्हर, आणि आई स्वयंपाकघरात गेली की पडद्यावर ‘डेंजरस डेव्ह’ नाहीतर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ. कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉसचे कमांड कुणाला आले नाहीत तरी ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ टाईप केलं की चोरवाटा उघडतात, हे मात्र वर्गभर माहीत असायचं. ती पिढी आज चाळिशीत आहे आणि मोबाइलवर त्या खेळांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवते आहे.

पण ‘अभ्यासासाठी’ ही थाप काही आपली नाही. ती आपल्याआधी दहाएक वर्षं ब्रिटनमध्ये घरोघर मारली गेली, आणि जुन्या कॉम्प्युटर-खेळांच्या आजच्या स्मरणरंजनाचा मोठा झरा तिथूनच वाहतो. त्याच्या मध्यभागी रबरी बटणांचा एक छोटा काळा ठोकळा आहे: सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम.

सत्तरीच्या अखेरीला ब्रिटनमध्ये मायक्रोचिपची धास्ती होती. चिप नोकऱ्या खाणार, देश मागे पडणार अशी चर्चा टीव्हीवर आणि संसदेत चालली होती. त्यातून बीबीसीनं संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला. जानेवारी १९८२ मध्ये टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि तिच्या जोडीला बीबीसीच्या नावाचा कॉम्प्युटर, बीबीसी मायक्रो, आला. तो बनवला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं. शाळांनी कॉम्प्युटर घ्यावेत म्हणून निम्मा खर्च सरकारनं उचलला. शाळेत बीबीसी मायक्रो दिसू लागला तशी ‘आपलं पोर मागे पडायला नको’ ही काळजी घराघरात शिरली. अडचण किमतीची होती. चांगल्या मॉडेलची किंमत लवकरच ३९९ पौंडांवर गेली.

बीबीसीचं कंत्राट हुकल्यामुळे चिडलेले क्लाइव्ह सिंक्लेअर हे केंब्रिजचेच. खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आणि स्वस्तात काहीतरी करून दाखवण्याचा हट्ट, ही त्यांची ओळख. १९८० मध्ये त्यांनी शंभर पौंडांच्या आत झेडएक्स ८० विकून दाखवला, पुढच्या वर्षी झेडएक्स ८१ सत्तर पौंडांना. २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम आला: १६ के (किलोबाइट) स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ ला. टीव्ही घरचा आणि टेपरेकॉर्डरही घरचाच, त्यामुळे आणखी काही घ्यायला नको. बीबीसी मायक्रो परवडत नव्हता त्या आई-बापांनी अभ्यासाच्या नावानं हा ठोकळा घेतला. काही आठवड्यांत त्यावर गणिताऐवजी राक्षस पळू लागले.

सिंक्लेअरना हे फारसं रुचलं नाही. आपल्या यंत्रानं घरातली गंभीर कामं करावीत अशी त्यांची इच्छा होती. उतारवयात ते स्वतः कॉम्प्युटर वापरतच नसत, हा त्यातला गमतीचा भाग. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांतून त्यांच्या स्वप्नापेक्षा लोकांनी खेळलेल्या खेळांचीच नावं जास्त आली.

या खेळांचं रूप समजायला यंत्राच्या पोटात थोडं डोकवावं लागतं. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायचा तर स्मृती पडद्यातच संपली असती. म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी पाडल्या आणि एका चौकटीत दोनच रंग, असा नियम केला. असा अख्खा पडदा ६९१२ बाइटांत बसला. परिणाम असा की पिवळा माणूस हिरव्या झाडापुढून गेला की झाडाचा तुकडा पिवळा व्हायचा, नाहीतर माणूसच हिरवा. दोन रंग एकमेकांना बाटवायचे. यावर कुणी सगळा खेळच एका रंगात रंगवला, तर कुणी पात्रं आणि देखावे चौकटींच्या मापातच कापले. आज स्पेक्ट्रमच्या खेळाचं चित्र जाणकार लांबूनही ओळखतो ते या खोटीमुळे. खर्च वाचवताना राहिलेली खोट पुढे घराण्याची खूण झाली.

आणि आवाज. त्या काळातल्या माणसाला स्पेक्ट्रमबद्दल विचारा, तो आधी तोंडानं किंकाळी काढून दाखवेल. खेळ कॅसेटवर यायचे. ‘लोड’ आणि दोन अवतरणचिन्हं देऊन टेप चालू केली की आधी एक लांब, एकसुरी शिट्टी आणि पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे. मग माहितीची खरखर, पट्टे निळे-पिवळे. वेग सेकंदाला साधारण दीड हजार बिट, म्हणजे ४८ के भरायला चारेक मिनिटं. चौथ्या मिनिटाला टेपनं दगा दिला की ‘टेप लोडिंग एरर’, आणि पहिल्यापासून सुरुवात. मग छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू पाव आटा फिरवून बघायचा. पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रोग्राम म्हणजे आवाजच, त्यामुळे तो रेडिओवरूनही धाडता येत असे. बेलग्रेडच्या रेडिओवर व्हेंटिलेटर २०२ नावाच्या कार्यक्रमात तसे प्रोग्राम प्रसारित व्हायचे. श्रोते टेपवर ती खरखर उतरवून घ्यायचे आणि आपल्या यंत्रात भरायचे. युगोस्लाव्हियात परदेशी कॉम्प्युटर आणणं जिकिरीचं होतं. वोया अँतोनिच यांनी १९८३ मध्ये गालाक्सिया हा घरी जोडायचा कॉम्प्युटर रचला, त्याचे प्रोग्रामही असेच हवेतून पोचले.

आता खेळांकडे. लिव्हरपूलजवळच्या मॅथ्यू स्मिथनं १९८३ मध्ये मॅनिक मायनर लिहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. एकट्यानं, काही आठवड्यांत. खाणकामगार विली, वीस गुहा, संपत जाणारा प्राणवायू. खेळ चालू असताना मागे सलग संगीत वाजवणं त्या यंत्रावर अवघड काम, कारण बीप काढायचा तोही मुख्य प्रोसेसरनंच. पोरानं ते जमवलं.

पुढच्या वर्षीचा जेट सेट विली हे त्या काळाचं अख्खं चरित्रच म्हणावं. श्रीमंत झालेल्या विलीचा वाडा, साठावर खोल्या, प्रत्येकीचं चमत्कारिक नाव. कॅसेटच्या नकला होऊ नयेत म्हणून सोबत रंगीत चौकोनांचा कागद दिलेला. त्यातले विचारलेले रंग सांगितले तरच खेळ सुरू होई. रंगीत झेरॉक्स कुठली मिळायला! पोरांनी रंगपेन्सिली घेतल्या आणि अख्खा तक्ता हातानं उतरवला. खेळात दोषही होते. माळ्यावरच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की दुसऱ्या काही खोल्या बिघडायच्या आणि तिथं शिरताक्षणी विली मरायचा. हा बिघाड नव्हे, त्या खोल्यांत विषारी वायू सोडला आहे, असं प्रकाशकांनी सुरुवातीला सांगून पाहिलं. (सरकारी खुलासे वाचायची सवय असलेल्यांना ही शैली ओळखीची वाटेल.) शेवटी दुरुस्तीचे आकडे प्रसिद्ध करावे लागले. स्मृतीतल्या अमुक घरात अमुक संख्या घाला, म्हणजे ‘पोक’ करा, की वाडा पुन्हा ठीक. खेळ पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्याला बक्षीस होतं. ते ज्या दोघांनी पटकावलं, त्यांना आधी आतला कोड उकलून तो खेळ पूर्ण होण्याजोगा करावा लागला होता.

‘अभ्यासासाठी’ या थापेत सत्याचा अंश होता तो इथे. यंत्र चालू केलं की समोर मेनू नाही, चित्र नाही. खाली सिंक्लेअरच्या नावाची एक ओळ, आणि बटण दाबलं की प्रोग्राम लिहायची बेसिक भाषा हजर. खेळ मागवायचा तरी तो त्या भाषेतल्या आज्ञेनंच. मासिकांत पानंच्या पानं कोड छापून येई, तो टाईप करायचा आणि कुठे स्वल्पविराम चुकला ते रात्री शोधत बसायचं. न मरता खेळायचं असेल तर पोक शोधा. खेळायची हाव पोरांना यंत्राच्या पोटात ढकलत होती.

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा एलीट हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ १९८४ मध्ये आला तो तर शाळेतल्या त्या सोवळ्या बीबीसी मायक्रोवरच. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. बत्तीस के स्मृतीत इतकी नावं, भाव, अंतरं साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून ती साठवलीच नाहीत. सुरुवातीच्या एका ठरावीक संख्येपासून सूत्रानं दर वेळी तीच मालिका पुन्हा काढायची आणि त्यातून ग्रह घडवायचा. बीज जपून ठेवलं की झाड परत येतं, तसं.

स्पेक्ट्रमची जुळणी स्कॉटलंडमध्ये डंडीच्या टायमेक्स कारखान्यात होत असे. तिथल्या कामगारांच्या घरी हे यंत्र जरा जास्तच सहज पोचलं, आणि सगळंच दुकानातून आलं असं नाही, असं म्हणतात. कारखान्यात काम केलेला डेव्हिड जोन्स आणि त्याचे मित्र यांनी पुढे तिथं काढलेल्या कंपनीतून लेमिंग्ज हा गाजलेला खेळ आला आणि १९९७ मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटो.

भारतात या गोष्टीचे दोन धागे आले. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यात शाळांना बीबीसी मायक्रोच दिले गेले. आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवान्यानं ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ इथं विकायला काढला. मध्यमवर्गाच्या आवाक्यात कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं आला तो मात्र नंतर, पीसीच्या रूपानं. त्यामुळे मराठी घरातल्या आठवणी रबरी बटणांच्या नाहीत, फ्लॉपीच्या आहेत.

मूळ धंदा लवकर आटोपला. सिंक्लेअरची सी ५ ही विजेवरची तीनचाकी १९८५ मध्ये आपटली, आणि १९८६ च्या एप्रिलमध्ये कॉम्प्युटरचा व्यवसाय ॲमस्ट्रॅड या प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीला ५० लाख पौंडांत गेला. १९९२ मध्ये स्पेक्ट्रम बनणं थांबलं. आठवणी काढायला सुरुवात झाली ती जवळजवळ त्याच सुमाराला. पीसीवर स्पेक्ट्रमचं सोंग घेणारे एम्युलेटर नव्वदीच्या पहिल्या वर्षांतच आले. माळ्यावरच्या कॅसेटी उतरवून त्यांच्या फायली करणारे हौशी लोक निघाले. १९९५ मध्ये नेदरलँड्समधून वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम हा संग्रह सुरू झाला. स्पेक्ट्रमच्या मूळ प्रणालीचे हक्क ॲमस्ट्रॅडकडे होते. १९९९ मध्ये त्यांनी ती एम्युलेटरसोबत फुकट वाटायला परवानगी दिली. हक्क सोडले नाहीत, पण आडकाठीही केली नाही. काही नामांकित खेळांच्या मालकांनी मात्र नकार दिला, म्हणून त्या संग्रहात बरीच वर्षं खेळाचं नाव दिसायचं, मुखपृष्ठ दिसायचं, खेळ मिळायचा नाही. ज्या माध्यमात पोरांनी मुक्तहस्ते नकला केल्या, त्याचं जतनही बऱ्याच अंशी त्या नकलांच्या जोरावर झालं, हे कुणी फार मोठ्यानं बोलत नाही.

नंतरचा टप्पा मला सर्वांत मजेशीर वाटतो. २००० नंतर केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं हातानं काही करता येत नाही, असं एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. कारण त्यांनी असं काढलं की घरात बेसिकवर उघडणारं स्वस्त यंत्र उरलेलं नाही. त्यातून २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर आला. त्याच्या मॉडेलांना ए आणि बी ही नावं बीबीसी मायक्रोवरून दिलेली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये शाळांतल्या संगणक विषयावर टीकेची झोड उठली, आणि सप्टेंबर २०१४ पासून नवा अभ्यासक्रम लागू होऊन प्रोग्रामिंग पाच वर्षांच्या मुलांपर्यंत खाली आलं. ही मागणी करणाऱ्यांत घरगुती कॉम्प्युटरवर वाढलेले पुष्कळ होते, आणि आम्ही खेळता खेळता शिकलो हा त्यांचा दाखला होता. आई-बापांना मारलेली थाप तीस वर्षांनी सरकारी धोरण झाली.

यात आठवणीनं थोडी लबाडी केली आहेच. कोड उकलणारी पोरं होती, पण बहुतेक पोरं ‘लोड’पलीकडे कधी गेली नाहीत. त्यांना ॲथलीट डेली थॉम्पसनच्या नावाच्या डेकॅथलॉन खेळात धावण्यासाठी बटणं बडवून कीबोर्डची वाट लावण्यात जास्त रस होता. मासिकं आणि जाहिराती मुख्यतः मुलग्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या, त्यामुळे घरात एकच यंत्र असलं की ते बहुधा भावाच्या खोलीत जायचं. आज आठवणी लिहिणाऱ्यांत पुरुष इतके का दिसतात, याचं उत्तर तिथं आहे.

बाजारानंही हे हेरलं. २०१७ मध्ये स्पेक्ट्रम नेक्स्ट या नव्या अवतारासाठी लोकांनी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर सात लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली. त्याचा आराखडा मूळ स्पेक्ट्रमला रूप देणाऱ्या रिक डिकिन्सन यांचाच. यंत्र लोकांच्या हाती पोचायच्या आत, २०१८ मध्ये ते वारले. २०२४ च्या नोव्हेंबरात आणखी एक प्रतिकृती दुकानात आली: तोच काळा ठोकळा, तीच रबरी बटणं, आत ४८ खेळ भरलेले. कॅसेट नाही, किंकाळी नाही, चार मिनिटांची वाट नाही. मूळ यंत्रावर बेसिक समोर असायचं आणि खेळ मागवावा लागायचा. इथं चालू केल्याबरोबर खेळांची रांग समोर येते, आणि बेसिक हवंच असेल तर ते मेनूत जाऊन निवडावं लागतं.