कार्डाला घाम येत नाही

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन कुणाकडून तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, मालवण-कुडाळला आणून जोडायचं, आणि गेम सुरू करताच पंखे घोंघावायला लागून तापमान ८५ च्या पुढे सरकलं की आजूबाजूने एकच निदान ऐकू येतं : "हयची हवा दमट, कार्ड तापतलाच." सांगणारा स्वतः घामाने निथळत असतो, त्यामुळे त्याची पक्की खात्रीही असते. पण कार्डाला घाम येत नाही.

दमट हवेत माणसाला उकडतं ते घाम वाळत नाही म्हणून. आपलं शरीर बाष्पीभवनावर थंड होतं, आणि हवेत आधीच वाफ भरलेली असली की ते मंदावतं. हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या ठोकळ्यावर, वाळायला पाणीच नाही. पत्र्यांमधून हवा वाहते आणि उष्णता उचलून नेते, बस. ३० अंशांची कोरडी हवा हे काम जेवढं करते, जवळजवळ तेवढंच ३० अंशांची दमट हवा करते. खोलीचं तापमान मात्र हिशोबात धरावंच लागतं : डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत चालणारं कार्ड मे महिन्यात ३४ अंशांत चालवलं, तर तेही साधारण बारा अंशांनी वर जाणार. वाढ त्याहून बरीच जास्त असेल तर संशय दुसऱ्या हवेवर घ्यायचा. चिप आणि तिच्यावर दाबून बसवलेलं हीटसिंकचं तांबं यांच्या फटीत शिरलेली हवा.

चिपचा वरचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, तांब्याचा तळही गुळगुळीत लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर खाचखळगे असतात, शिवाय दोन्ही किंचित वाकलेले असतात. एकमेकांवर दाबले तरी ते खरे टेकतात मोजक्या ठिकाणी, बाकी जागेत हवा. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, हवेची ०.०२६. ही फट भरायला लावतात ती थर्मल पेस्ट या दोघांच्या मधली. चांगली असली तरी ५ ते १० च्या घरात, म्हणजे तांब्यापुढे अगदीच गरीब. तिचं काम जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या मालासारखं आहे. फट भरण्यापुरता माल हवा. भिंतीची ताकद चिऱ्याची असते, आणि थर जाड झाला तर गवंडीच कच्चा. "जास्त पेस्ट लावली की जास्त थंड" हा समज म्हणूनच उलटा आहे.

आता थोडं गणित. आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड जुन्या बाजारात अजून दिसतं. त्याच्या चिपचं क्षेत्रफळ २३२ चौरस मिलिमीटर. पूर्ण कार्ड १८५ वॅटचं. त्यातले १३० वॅट चिपमधून बाहेर पडतात असं धरू. थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतला फरक काढायचा तर वॅटला थराच्या जाडीने गुणायचं आणि वाहकता गुणिले क्षेत्रफळ याने भागायचं. पेस्टचा थर ५० मायक्रॉन, वाहकता ५, तर फरक येतो साडेपाच अंश. पेस्टऐवजी हवा असेल, आणि तीही फक्त ५ मायक्रॉनची, तर तोच फरक १०८ अंशांवर जातो! प्रत्यक्षात हवा अशी सलग थराने बसत नाही, ठिकठिकाणी अडकते, आणि त्या मर्यादेला पोचण्याआधीच कार्ड आपला वेग कमी करतं. तरी एक गोष्ट उघड होते. दहापट पातळ असूनही हवेचा थर पेस्टच्या जवळपास वीसपट अडथळा करतो.

मग सुरुवातीला नीट भरलेल्या फटीत चार-पाच वर्षांनी हवा येते कुठून? पेस्ट "सुकते" हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला फार आवडतं. इंग्रजीत त्याला पंप-आउट म्हणतात, आणि ते शब्दशः पंपाचंच काम आहे.

चिप ज्याची बनलेली असते ते सिलिकॉन एक अंश तापलं की आपल्या लांबीच्या दहा लाखाव्या भागाच्या २.६ पट वाढतं. तांबं साधारण १७ पट. दीड सेंटिमीटर बाजूची चिप ५० अंशांनी तापली तर तिच्यावरचं तेवढंच तांबं तिच्यापेक्षा सुमारे दहा मायक्रॉन जास्त पसरतं. तितकी आडवी सरक झाली. याहून मोठी हालचाल उभी असते. चिप ज्या सबस्ट्रेटवर, म्हणजे खालच्या पातळ पाटीवर, डाखलेली असते, तो सिलिकॉनच्या कितीतरी पट प्रसरण पावतो. डाख गरम असताना गोठतो. पुढे सगळं थंड होताना सबस्ट्रेट जास्त आकसतो आणि चिपला ओढून मधोमध किंचित फुगीर करतो. म्हणजे कार्ड थंड असताना मधला थर पातळ, कडेचा जाड. गेम सुरू केला की चिप तापून सपाट होऊ लागते, कडेची फट मिटते आणि तिथली पेस्ट बाहेर ढकलली जाते. बंद केला की चिप पुन्हा फुगीर होते, कडेला फट उघडते. पेस्ट घट्ट असते, ती सगळीच्या सगळी परत आत येत नाही. रिकाम्या जागेत हवा शिरते. एका फेरीत काहीच कळत नाही. हजार फेऱ्यांनंतर कूलर (हीटसिंक आणि पंखे) उचलला तर चिपच्या भोवती पेस्टची चौकट साचलेली आणि वर फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसते. त्यातच पेस्टमधलं सिलिकोन तेल हळूहळू झिरपून वेगळं होतं आणि मागे झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची कोरडी भुकटी उरते.

यातून जुन्या बाजारातला एक लाडका समज उलटा पडतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं, बंद झालं आणि ढिगाने कार्डं विकायला निघाली. तेव्हापासून "मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड" हे सुभाषित झालंय. पण मायनिंगमध्ये कार्ड रात्रंदिवस जवळपास एकाच तापमानाला चालतं. तापणं-निवणं कमी, म्हणून पंपही कमी वेळा हलतो. रोज संध्याकाळी गेम खेळणाऱ्याचं, त्यातही पावसाळ्यात लाइट जा-ये करणाऱ्या गावातलं कार्ड पंपाच्या बाबतीत जास्त भोगतं. मायनिंगच्या कार्डात बघायचं ते पंख्यांचं बेअरिंग आणि मेमरीवरचे पॅड, म्हणजे मेमरी आणि कूलर यांच्यामधल्या मऊ, उष्णता वाहून नेणाऱ्या चकत्या.

ज्या कार्डांत हॉटस्पॉटचं तापमान दिसतं, तिथे हे न उघडताही ओळखता येतं. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या सेन्सरांपैकी सर्वांत तापलेला. सर्वसाधारण तापमान ७० आणि हॉटस्पॉट ८२ असेल तर ठीक. ७० ला १०० दिसला, तर चिपच्या एखाद्या कोपऱ्यातली पेस्ट गेली.

अशा चिपांसाठी हल्ली फेज-चेंज पापुद्रा मिळतो. हनीवेलचा पीटीएम ७९५० त्यात गाजलेला. तो खोलीच्या तापमानाला घट्ट असतो, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरतो आणि पेस्टइतका सहज बाहेर ढकलला जात नाही. मे महिन्यात लावायचा तर आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर त्याचं प्लास्टिक सुटता सुटत नाही.

पेस्टच्या डबीवरचे "नॅनो", "डायमंड" हे शब्द वाचून न वाचल्यासारखे करावेत. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टच्या जागी लावायचा पातळ धातू, हे त्याच जातीचं दुसरं आकर्षण. त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियमला ठिसूळ करतं, आणि एक थेंब ओघळला तर शॉर्ट सर्किट. बंद पडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून "जिवंत" करण्याचे व्हिडिओ तर सरळ अंधश्रद्धेत जमा करावेत. तडकलेला डाख वितळून पुन्हा जुळेल ही त्यामागची आशा, पण शिसं नसलेला डाख वितळतो २१७ अंशांच्या पुढे. त्याखाली भाजून एखादं कार्ड चाललंच, तर ते चार दिवसांचं असतं. बाकी काय, तर स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा धूर.

पॅडचं गणित वेगळं. मेमरीची चिप आणि कूलर यांच्यातली फट मायक्रॉनची नसते, अर्धा ते दोन मिलिमीटरची असते, म्हणून तिथे पेस्ट चालत नाही. एक मिलिमीटर जाडीचा, ६ वाहकतेचा पॅड १२ × १४ मिलिमीटरच्या मेमरी चिपवर असेल आणि ती ३ वॅट सोडत असेल, तर फरक येतो तीन अंश. दुप्पट पैसे देऊन १२ चा पॅड आणला की वाचतो दीड अंश. जास्त तापणाऱ्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांवर, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०९० वर, चांगल्या पॅडला अर्थ आहे. इतरत्र जाडी बरोबर असणं महत्त्वाचं. जुना पॅड मोजताना दाबलेला भाग मोजू नये, कडेला न दाबलेली पट्टी उरलेली असते, व्हर्नियर तिथे लावावं.

आणि आता कोकणातली हवा खरोखर कुठे आडवी येते ते. दोष दमटपणाचा एकट्याचा नाही, त्यातल्या मिठाचा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्याही बरंच आधी. किनाऱ्याजवळच्या घरात पंख्याने ओढलेली धूळ पावसाळ्यात अशी ओलसर आणि थोडी वीजवाहक होते. तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे जिथे जोडलेले असतात तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी दिसते. ती पुसायला सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतात, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही! पेस्टचा चिकटपणा अल्कोहोलने जातो, मिठाला पाणी लागतं. हीटसिंक पंख्यांपासून वेगळा काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवावा आणि पूर्ण वाळवावा. बोर्डवर दिसणारे पांढरे डाग त्याच पाण्यात जेमतेम ओल्या केलेल्या कापडाने टिपावेत, मग ९९ टक्के अल्कोहोलने, मग दिवसभर कोरड्या जागी. आषाढात कोरडी जागा म्हणजे तांदळाच्या डब्याशेजारचं कपाट नव्हे. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला बंद डबा.

बाकी काम सरळ आहे. उघडण्याआधी कार्ड पाच मिनिटं चालवून कोमट करावं, म्हणजे जुनी पेस्ट सैल होते. मग वीज बंद करून, वायर काढून कामाला लागावं. कूलर सरळ वर न खेचता हलका पिळून सोडवावा, पंख्यांच्या वायरी तुटणार नाहीत हे बघावं. चिपभोवतीचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत.

परत जोडल्यावर मेमरी थंड पण हॉटस्पॉट पूर्वीपेक्षाही वर, असं दिसलं तर पेस्टला दोष देत बसू नये. पॅड गरजेपेक्षा जाड आहे. त्याने कूलर उचलून धरलाय आणि चिपवर पुन्हा हवा आलीय. पुन्हा उघडून अर्ध्या मिलिमीटरने पातळ पॅड लावावा.