वाशीच्या पुलावरचा वास

ओहोटीच्या वेळी लोकल वाशीच्या पुलावर आली की डब्यात तो सडक्या अंड्यांचा वास घुसतो, सगळे नाकाला रुमाल लावतात आणि मानखुर्द आलं की विसरतात. मी मात्र दारातून खाली चिखलाकडे बघत बसतो, कारण तिथे जे चाललंय ते खरंच भन्नाट आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजनचं संयुग) असतं. खाडीच्या चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो, मग काही बॅक्टेरिया ऑक्सिजनऐवजी हे सल्फेट वापरून श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाईड सोडतात, तोच तो वास, चिखल काळा दिसतो तोही ह्याच सल्फाईडची लोहाशी गाठ पडते म्हणून. त्यांचं खाणं म्हणजे हायड्रोजन आणि ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचंच रूप), जे दुसरे बॅक्टेरिया खारफुटीची पानं कुजवताना टाकून देतात. हायड्रोजन साठला तर ह्या कुजवणाऱ्यांचंच काम अडतं, म्हणजे तो उचलणारं कोणीतरी शेजारी लागतंच. मिथेन (हवा तापवणारा वायू) बनवणारे आर्किया (बॅक्टेरियांसारखे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) पण टपलेले असतात, पण सल्फेटवाले इतक्या कमी हायड्रोजनवर भागवतात की मिथेनवाल्यांना काही उरत नाही.

मग पाऊस लागतो, गोडं पाणी येतं. खाऱ्या पाण्यात पेशी सुकू नये म्हणून बऱ्याच बॅक्टेरियांनी ग्लायसिन बीटेन नावाचा पदार्थ आत भरून ठेवलेला असतो. आता उलटं होतं, बाहेरचं पाणी भसाभस आत शिरतं, पेशी फुगून फुटायला येते, तेव्हा ते आवरणातल्या झडपा उघडून असा साठा बाहेर फेकतात. एवढी मेहनतीची पुंजी जाते पण जीव वाचतो.

आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. ह्या फेकलेल्या बीटेनपासून दुसरे बॅक्टेरिया ट्रायमिथाइलअमाईन बनवतात (शिळ्या मासळीचा वास येतो ना, तो ह्याचाच), सल्फेटवाले सहसा त्याला तोंड लावत नाहीत, मिथेनवाल्यांचं मात्र त्यावर पोट भरतं. त्यात सल्फेट पातळ झालं की हायड्रोजनही त्यांच्याच वाट्याला. पाऊस सरला, भरतीचं खारं पाणी परत आलं की सल्फेटवाले पुन्हा वरचढ.

पुलाखालच्या ह्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, आपण फ्लेमिंगो बघायला जातो, पण नाल्यांचं घाण पाणी बारा महिने खाडीत येतंय हे मला फार खुपतं, कारण ते गोडंही असतं आणि त्यात कुजायला माल भरपूर, म्हणजे मिथेनवाल्यांचा पावसाळा वर्षभर चालायला आयतंच निमित्त.