शत्रुनागरिक : अमेरिकेतील इटालियन कुटुंबे (१९४१–४२)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे नागरिकत्व न घेतलेल्या इटालियन स्थलांतरितांना लावलेली कायदेशीर संज्ञा. ८ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे इटलीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या तीन दिवस आधीच, अध्यक्षीय घोषणा निघाली आणि सुमारे ६ लाख माणसे या वर्गात गेली. आधार होता १७९८ च्या एका जुन्या कायद्याचा.

कसोटी कागदाची होती, निष्ठेची नव्हे. नागरिकत्व दोन टप्प्यांत मिळे : आधी इरादापत्र (नागरिक होण्याचा इरादा नोंदवणारा कागद), मग काही वर्षांनी मुख्य अर्ज आणि इंग्रजीतली परीक्षा. पहिला कागद हाती असूनही दुसरा न झालेला माणूस ‘शत्रू’च. यात बायका जास्त अडकल्या. १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर बायकोला आपोआप नागरिकत्व मिळे. त्यानंतर तिला स्वतंत्र अर्ज करणे भाग होते. सिसिलीहून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, घराबाहेर फारसे न पडणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? त्यामुळे बाप नागरिक, मुलगे अमेरिकन लष्करात आणि आई शत्रू, अशी घरे निघाली.

फेब्रुवारी १९४२ मध्ये टपाल कार्यालयांत नोंदणी झाली. फोटो आणि बोटाचा ठसा असलेली गुलाबी पुस्तिका सतत जवळ बाळगायची होती. शस्त्रे, कॅमेरे आणि शॉर्टवेव्ह रेडिओ पोलिसांकडे जमा करायचे होते. रेडिओ नागरिक मुलाच्या मालकीचा असला तरी आई त्याच घरात राहते म्हणून झडतीत तो जाऊ शकत असे. पश्चिम किनाऱ्यावर याशिवाय रात्री ८ ते सकाळी ६ संचारबंदी होती आणि दिवसा घरापासून ५ मैलांपलीकडे जायला मनाई. पहाटे जाळी टाकणारा कोळी किंवा रात्रपाळीचा कामगार यांचा रोजगार तिथेच बुडाला.

कॅलिफोर्नियातील निषिद्ध पट्ट्यांतून २४ फेब्रुवारीपर्यंत बाहेर पडण्याचा हुकूम होता. सुमारे १०,००० इटालियनांना घरे सोडावी लागली. पिट्सबर्ग आणि माँटेरे या सिसिलियन कोळ्यांच्या वस्त्यांना मोठी झळ बसली. युरेका भागात महामार्ग १०१ हीच हद्द धरली होती : रस्त्याची समुद्राकडची बाजू बंद, पलीकडची खुली. बेसबॉलपटू जो डिमॅजिओचे वडील जुझेप्पे यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या मासेमारी धक्क्यावर पाऊल ठेवता येईना. ज्यांचे मालक नागरिक होते अशाही अनेक मोठ्या मासेमारी बोटी नौदलाने गस्तीसाठी ताब्यात घेतल्या.

संशयाला काहीच जागा नव्हती असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. १९३५ मध्ये इथिओपियाच्या युद्धासाठी अनेक इटालियन-अमेरिकन बायकांनी लग्नातल्या सोन्याच्या अंगठ्या मुसोलिनीला पाठवल्या होत्या, आणि न्यूयॉर्कचे ‘इल प्रोग्रेसो’ हे दैनिक बरीच वर्षे त्याचे गुण गात होते. पण ओढ बहुधा गावाची होती, मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाची नव्हे. सरकारी यंत्रणेने हा फरक क्वचितच केला. काही शे जणांना अटकेत ठेवले गेले, त्यांतले बरेच मोंटानातील फोर्ट मिझूला येथे. चौकशी मंडळासमोर वकील नेण्याची मुभा नव्हती. मेट्रोपॉलिटन ऑपेराचे गायक एझिओ पिन्झा यांना मार्च १९४२ मध्ये पकडून सुमारे तीन महिने न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर ठेवले. प्रसारणात गाण्याची लय बदलून ते सांकेतिक निरोप धाडतात, असाही एक आरोप होता! इटालियन म्हणजे ऑपेरा गाणारी माणसे, त्यांची आपल्याला चिंता नाही, असे खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट म्हणाल्याचे अ‍ॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी पुढे नोंदवले.

सरसकट स्थानबद्धता टळली ती मुख्यतः संख्येमुळे. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले, त्यांत दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन होते. इटालियनांच्या नागरिक मुलांना तसा हात लागला नाही. इटालियन मतदार मोठ्या संख्येने होते, त्यांची मुले लाखांनी सैन्यात होती आणि नोव्हेंबरात काँग्रेसच्या निवडणुका होत्या. १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, कोलंबस दिनी, बिडल यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये इटालियनांना ‘शत्रू’ वर्गातून वगळल्याचे जाहीर केले.

नोव्हेंबर २००० मध्ये एका कायद्याने या अन्यायाची अधिकृत कबुली देण्यात आली आणि न्याय खात्याने पुढच्या वर्षी अहवाल सादर केला. १९८८ च्या कायद्याने हयात जपानी-अमेरिकनांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले होते. इटालियनांसाठीच्या कायद्यात भरपाईची तरतूद नाही.